तेराव्याचे डोनट

नाहूरला एप्रिलमध्ये मैदा लवकर फुगतो. डिसेंबरात ज्या पिठाला ओल्या फडक्याखाली अख्खी दुपार लागते, ते एप्रिलात ओटा आवरून होईपर्यंत पातेल्याच्या काठाशी येऊन बसतं. बोट दाबलं की खळगा पडतो आणि आळस दिल्यासारखा सावकाश भरून येतो. ही माहिती माझ्याकडे असायचं खरं तर काही कारण नाही. मी पवईच्या एका ऑफिसात विम्याच्या दाव्यांचं काम बघतो आणि स्वयंपाकघरात माझी ये-जा फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीपुरती. पण काही गोष्टी आपण शिकत नाही, त्या आपल्यासमोर घडतात आणि मग राहून जातात.

परवा उकाडा एकदम वाढला. सकाळी दहालाच गॅलरीच्या फरशीवर पाय ठेववेना. समोरच्या सोसायटीतल्या आंब्याखाली बारक्या कैऱ्या गळून पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली होती, तो आंबट वास वर आमच्या मजल्यापर्यंत येत होता. माझी मुलगी तन्वी कॉलेजच्या सुट्टीला घरी आली आहे. तिने आतून ओरडून सांगितलं, "बाबा, खाली जातोयस तर यीस्ट घेऊन ये. आणि मैदा. पिठीसाखर आहे."

दुकानदाराने पाकीट काउंटरवर टाकलं. पाकीट उघडलेलंही नव्हतं, तरी मला तो वास आला. गरम दुधात यीस्ट विरघळल्यावर येतो तो, थोडा आंबूस, थोडा ओल्या गोणपाटासारखा. त्या वासाबरोबर एक पूर्ण एप्रिल महिना माझ्यासमोर उभा राहिला. दुःख झालं असं म्हणता येणार नाही. एखाद्या जुन्या शेजाऱ्याने रस्त्यात हात वर करावा, आपणही करावा आणि दोघांनी आपापल्या वाटेने जावं, तसं झालं.

तो दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता. लोक आता त्याबद्दल बोलत नाहीत, आणि बोललेच तर आकडे बोलतात. मला आठवतात ते आवाज. रस्ता इतका रिकामा असायचा की भांडुपच्या बाजूने येणारी अँब्युलन्स खूप आधीपासून ऐकू यायची आणि घरातले सगळे आपापलं काम न थांबवता ती पुढे जायची वाट बघायचे. पुढे गेली की कुणीतरी नळ सोडायचं, कुणीतरी खुर्ची सरकवायचं. कोकीळ मात्र दिवसभर ओरडत असायची. एवढ्या आवाजात ती दर वर्षी ओरडते की त्याच वर्षी, ते मला सांगता येत नाही.

घरात आम्ही पाच जण. माझे वडील अण्णा, आई, माझी बायको मानसी, तन्वी आणि मी. मानसी बँकेत, त्यामुळे तिला जावंच लागे. ती संध्याकाळी यायची, दारातच पर्सवर सॅनिटायझर फवारायची आणि सरळ बाथरूममध्ये शिरायची. मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसायचो. तन्वी नववीत होती. तिची शाळा तिच्या मांडीवर भरायची, कॅमेरा बंद करून. तिच्या कानात बाई भूगोल शिकवत असायच्या आणि डोळ्यांसमोर दुसऱ्या खिडकीत कुणीतरी परदेशी बाई डोनट तळत असायची.

तिने कधी डोनट खाल्ले नव्हते असं नाही. मुलुंडच्या मॉलमध्ये काचेच्या पेटीत ते रंगीत बांगड्यांसारखे मांडलेले असतात. पण मॉल बंद होता, आणि त्या वयाला जे बंद असतं तेच हवं असतं.

पहिली खेप दगड झाली. तिने दूध उकळतं घेतलं होतं आणि त्यात यीस्ट मेलं. तिला ते ठाऊक नव्हतं. ती फडक्याखाली दर थोड्या वेळाने बघत राहिली, पीठ होतं तसंच बसून राहिलं. शेवटी वैतागून तिने ते लाटलं, स्टीलच्या पेल्याने गोल कापलं, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने मधलं भोक पाडलं आणि तेलात सोडलं. वरून साखरेचं पाणी ओतलं. ताटलीत ठेवल्यावर टणक आवाज आला.

मानसी घरी नव्हती. मी एक उचलला आणि ऑफिसच्या कॉलचं निमित्त करून बाजूला ठेवला. अण्णा मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांची सकाळची फेरी बंद झाल्यापासून ती त्यांची जागा होती. आयुष्यभर गिरणीत आणि गिरणी गेल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात उभं राहून काम केलेला माणूस. त्यांना खुर्ची कधी शोभलीच नाही. कडेला टेकल्यासारखे बसायचे.

"ह्या काय गो? वडो?" त्यांनी विचारलं.

"डोनट आहे, आजोबा. पण बिघडलाय."

"बघू." त्यांनी तो दाढेखाली धरला. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "माझी कवळी आसा म्हणान वाचलंय. तुझ्या आज्येक देव नको."

तन्वी रडायच्या बेतात होती, ती हसली. अण्णांनी तो अख्खा संपवला. पाण्यात बुडवून, पण संपवला. "परत कर," म्हणाले.

आईची हरकत वेगळी होती. ती आतून आली, ताटली बघितली आणि तिचा चेहरा बदलला. "भोक कित्याक पाडलंस?"

"डोनटला असतंच, आजी."

"शुभकार्यात वड्याक भोक पाडूचा नसता. भोकाचो वडो गेलल्या माणसाचो."

आमच्या कुडाळकडच्या घरात ही गोष्ट पक्की. कोंबडीबरोबर खायचे वडे सबंध. श्राद्धाचे वडे थापताना मात्र मधोमध बोट घालायचं. त्यामुळे पानात वाढलेला वडा बघितला की घरात आज काय आहे ते लहान मुलालाही कळतं. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "अगे, गोऱ्या लोकांका काय म्हायत तुझे वडे?" आई परत आत गेली.

तन्वीने आजीचं ऐकलं. पुढच्या खेपेला दूध कोमट घेतलं, पीठ फुगलं आणि तिने भोक न पाडता सबंध गोल तळले. बाहेरून सुंदर तपकिरी झाले आणि मध्ये कच्चे राहिले. फोडला की आतून चिकट पीठ बोटाला लागे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मधलं भोक नुसतं शोभेचं नसतं. उष्णतेला आत शिरायला वाट लागते. हे कळून माझं काही भलं झालं नाही. पण त्या दिवसांत अशा छोट्या गोष्टी कळल्या की बरं वाटे. बाहेर काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं.

अण्णांनी मधला भाग सोडून कडेकडेने तोही खाल्ला.

मग त्यांना ताप आला. दोन दिवस घरी काढले आणि तिसऱ्या दिवशी दम लागला तेव्हा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. रिक्षा मिळत नव्हती. वरच्या मजल्यावरच्या एकाने गाडी दिली. गाडीतून उतरताना अण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. कुठे कामाला जाताना लावायचे तसं. मी दारापर्यंत होतो. पुढे जायची परवानगी नव्हती. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यात काही विशेष नव्हतं, त्यांना ती सवयच नव्हती.

फोन व्हायचे. साधे फोन, साधी बोलणी. पंखा आवाज करतो. शेजारचा माणूस ठाण्याचा आहे. जेवणात मीठ नाही. आई फोन कानाला न लावता समोर धरून जोरात बोलायची, जणू अंतर जास्त आहे. "खाल्ल्यात काय?" एवढंच विचारायची. त्यांनी हो म्हटलं की फोन तन्वीकडे द्यायची.

त्याच आठवड्यात तन्वीचे डोनट जमले. यावेळी तिने आजीला न सांगता भोक पाडलं होतं. ते तेलात टाकल्यावर तरंगले, फुगले, उलटल्यावर कडेला मधोमध एक फिकट पट्टा उमटला. पिठीसाखरेत दूध आणि व्हॅनिलाचे थेंब घालून तिने पातळसर लगदा केला, गरम डोनट त्यात एका बाजूने बुडवले आणि पोळ्यांच्या जाळीवर ठेवले. साखर आधी ओली चमकली, मग वाळून तिचा पातळ पापुद्रा झाला. बोटाने दाबला की त्याला बारीक तडे जायचे.

"आजोबा, जमले! फुगले!" ती फोनवर ओरडली.

पलीकडून श्वासाचा आवाज येत होता. "गोड झाले?"

"खूप."

"घराक इलंय की खातलंय," अण्णा म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी दवाखान्यातून फोन आला.

त्यानंतरच्या गोष्टी मी नीट पार पाडल्या. माझ्या कामात मला रोज अशीच प्रकरणं वाचावी लागतात, त्यामुळे कुठे सही करायची, कुणाला काय विचारायचं हे मला ठाऊक होतं. स्मशानात मी एकटा होतो. मानसीला यायचं होतं, पण आई आणि तन्वीजवळ कुणीतरी हवं होतं. तिथल्या माणसाने नखशिखांत पांढरा पोशाख घातला होता. त्याचे फक्त डोळे दिसत होते. त्याने विचारलं, "चेहरा बघायचाय?" मी हो म्हटलं. त्याने पिशवीची चेन थोडी खाली ओढली. मी बघितलं. त्याने चेन वर केली. बस्स, एवढंच झालं.

घरी आलो, दाराबाहेर कपडे बदलले, आंघोळ केली. आई गॅलरीत बसली होती. तिने विचारलं, "कोण कोण होता?"

"मी."

ती मान हलवून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली. त्यापुढे कुणी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. घरात मृत्यू झाला की माणसं येतात. ती रडतात आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारतात: शेवटी काय बोलले, कसे दिसत होते, त्रास झाला का. सांगून सांगून घरच्यांचं तोंड दुखतं. तेव्हा त्याचा कंटाळा येतो. आमच्याकडे कुणी आलंच नाही. चुलत्यांना गावाहून निघता येईना. बहीण बडोद्याला अडकलेली. खालच्या मजल्यावरच्या काकू दाराच्या कडीला भाताचा डबा अडकवून बेल वाजवायच्या आणि आम्ही दार उघडेपर्यंत जिन्यावरून उतरलेल्या असायच्या.

आई रडली नाही. पेज प्यायची, तीही अर्धी. मानसी म्हणाली, "आई धक्क्यात आहेत, होईल हळूहळू." मलाही तसंच वाटलं. मग एके दुपारी आई गावाकडे तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती आणि मानसीने ते ऐकलं. ती माझ्याकडे आली, दार लावून घेतलं.

"संदीप, आई मावशींना काय सांगत होत्या माहितीये? 'हे अजून हॉस्पिटलातच असत.'"

"चुकून म्हणाली असेल."

"चुकून नाही. म्हणाल्या, 'कोणाक तरी नेल्यानी आणि आमका सांगल्यानी.' त्यांना वाटतंय ते अण्णा नव्हतेच. कुणीच बघितलं नाही ना त्यांना."

त्या दिवसांत अशा गोष्टी कानावर यायच्या, इकडचा माणूस तिकडे गेला वगैरे. आईने त्यातली एक धरून ठेवली होती. मी चेहरा बघितला होता, मला जाऊन सांगता आलं असतं. पण ज्याने काही विचारलेलं नाही त्याला असं उत्तर द्यायचं कसं? मी दोनदा गॅलरीच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा आई रस्त्याकडे बघत होती आणि दोन्ही वेळा मी तिला पाणी हवं का विचारून परत आलो.

सुतकात कढई चढत नाही. त्यामुळे घरात तळणाचा वास नव्हता आणि तन्वीचं पीठही बंद होतं. ती शाळेच्या खिडकीसमोर बसून राहायची. व्हिडिओ बघणंही तिने सोडलं होतं. घर इतकं स्वच्छ आणि इतकं बिनवासाचं झालं होतं की मला ते ओळखीचं वाटेना.

तेरावं आलं. सकाळी गुरुजी मोबाइलच्या पडद्यावर आले, सांगतील तसं मी पळीने पाणी सोडलं, मध्ये नेट गेलं, पुन्हा आलं. तेराव्याला सुतक फिटतं, गोड करायचं असतं, कढई चढवायची असते. पानावर भोकाचे वडे हवेत. आणि वड्याचं पीठ नव्हतं. ते पीठ दर वर्षी गावाहून येतं. तांदूळ, उडीद, धणे, मेथी भाजून गिरणीवरून दळलेलं, एसटीच्या डिकीतून. त्या वर्षी एसटी आली नाही आणि आमच्या इथली गिरणी बंद होती. मी आदल्या दिवशी सगळीकडे विचारून पाहिलं होतं. मानसीला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, ती सकाळीच गेली होती.

आई स्वयंपाकघरात उभी होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा ओट्यापाशी आली होती. रिकामा डबा तिने उघडला, बघितला, बंद केला. पुन्हा उघडला.

"नुसती पुरी करू का आई?" मी विचारलं.

"पुरी कशी चलात?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत असल्यासारखी.

तन्वी दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आजी, मी डोनट करू? त्यांना भोक असतं."

मला वाटलं, आता आई रागावेल. तिने साडीचा पदर कमरेला खोचला.

"मैदो आसा?"

"आहे."

"आन. आणि दूध तापव. जास्त नको, बोट घालूक व्हया."

मी तिथेच उभा राहिलो. जायला हवं होतं, ऑफिसचा कॉल होता, पण पाय निघाला नाही. तन्वीने कोमट दुधात साखर आणि यीस्ट टाकलं, त्यावर फेस धरला. आईने वाकून वास घेतला, नाक मुरडलं आणि परात पुढे ओढली. मळायला लागल्यावर तिचे हात आपोआप चालायला लागले. पीठ पुढे ढकलायचं, मागे ओढायचं, तळव्याने दाबायचं. तन्वी बाजूला उभी राहून म्हणत होती, "आजी, लोणी आता घाल... अजून चिकट आहे ना?... असं ताणलं की तुटलं नाही पाहिजे, व्हिडिओत म्हणाले होते." आई मान डोलावत होती. एरवी स्वयंपाकघरात कुणाचं शिकवणं तिला खपलं नसतं.

पीठ फडक्याखाली ठेवलं. त्या दिवशीचा उकाडा असा होता की आम्ही तिघं नुसते उभे असतानाच ते वर येताना दिसत होतं. पंखा बंद होता, वाऱ्याने पीठ सुकेल म्हणून. आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती.

तन्वीने पोळपाट काढला, पेला घेतला. आई म्हणाली, "ता नको." तिने पिठाचा गोळा हातावर घेतला, थापला आणि तर्जनीने मधोमध भोक पाडलं, वड्याला पाडते तसं. तन्वीनेही गोळा घेतला. तिची भोकं वाकडी यायची. आई तिचं बोट धरून मध्ये आणायची. तेल तापलं, आईने पिठाचा एक कण टाकून पाहिला, तो तळाशी जाऊन सावकाश वर आला, तसा तिने गॅस बारीक केला.

पहिला डोनट तेलात सोडून, झाऱ्या हातात धरून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्येंचा तोंड बघलंस तू?"

"हो, बघितलं."

झाऱ्या थांबला. "त्येच होते?"

"अण्णाच होते, आई."

"कशे दिसत होते?"

जे होतं तेच सांगावं असं वाटलं. "दाढी वाढली होती. पांढरी, खुंटं आलेली. तोंड मिटलेलं होतं. कवळी काढून ठेवली असावी, गाल आत गेले होते. झोपलेले वाटत नव्हते. पण त्रासात वाटले नाहीत."

"दाढी वाढली होती," ती म्हणाली. "रोज करीत. एक दिवस चुकवक नाय. माझ्या लग्नाक पण मंडपात येवच्या आधी न्हाव्याकडे बसान रवले, सगळे वाट बघतत..." आणि तिथे तिचा आवाज फुटला. झाऱ्या ओट्यावर ठेवून तिने दोन्ही पिठाळ हात तोंडावर घेतले. मी तिला इतक्या मोठ्याने रडताना कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली आणि सावकाश बंद झाली. तन्वी आजीच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. तेलातला डोनट करपेल म्हणून मी पुढे झालो आणि तो उलटला. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी तळत होतो. मग उरलेलेही मीच तळले. आई खुर्चीवर बसून रडत होती आणि मध्येच सांगत होती, "आता काढ. लाल झाल्यार काढूचा."

पान घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. भात, वरण, काळ्या वाटाण्याची उसळ आणि डोनट. तन्वीने साखरेत बुडवलेले, गोड हवंच म्हणून. ऊन इतकं होतं की पश्चिमेकडचे डोंगर पांढुरके दिसत होते. पान कठड्यावर ठेवून आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहिलो. कावळा आला नाही. कबुतरं आली. आधी एक, मग चार-पाच, आणि भातावर तुटून पडली.

"आजी, कबुतरं चालतात का?" तन्वीने हळूच विचारलं.

आईने नाक ओढलं. "त्येंका कबुतरांचो भारी राग. गॅलरीत घाण करतत म्हणान काठी घेवन बसत. आता बघ, येतले."

आणि कावळा आला. मुंबईत कबुतरं जमली की कावळा येतोच, त्यात नवल करण्यासारखं काही नाही. हे मी तेव्हाही मनात म्हटलं. तो कठड्यावर उतरला, कबुतरांना उडवलं, पानाभोवती तिरका चालला. मग डोनटच्या भोकात चोच घातली आणि तो उचलून टाकीवर जाऊन बसला. साखरेचा तुकडा फरशीवर पडला. आईने हात जोडले. मीही जोडले.

खाली आल्यावर तिने जेवायला घेतलं. भात खाल्ला, उसळ खाल्ली, शेवटी एक डोनट घेतला आणि मन लावून, दोन्ही हातांनी धरून खाल्ला. ओठांना साखर लागली होती. "बरो झालो हा," ती तन्वीला म्हणाली. "मीठ वाईच कमी."

त्याला आता बरीच वर्षं झाली. गावाहून पीठ पुन्हा येतं. एसटीच्या डिकीतून, पूर्वीसारखंच. अण्णांच्या तिथीला आई वडेच करते, डोनटचं नाव कुणी काढत नाही. तन्वी आता मैदा वजनकाट्यावर मोजते आणि तिचे डोनट काचेच्या पेटीतल्यासारखे दिसतात, सगळे एका मापाचे. परवाचे आईने चाखून पाहिले, चांगले झालेत म्हणाली आणि मालिका बघायला गेली. तो एप्रिल आमच्या घरात जास्त जागा व्यापत नाही. कधीतरी येतो आणि जातो. मला वाटतं माणसं अशीच जगतात. मोठ्या गोष्टीही हळूहळू घरातल्या सामानाएवढ्या होतात, आणि त्यांच्या बाजूने वळून जायची पायांना सवय होते.

पण त्या दिवसाचा शेवट मला अजून जसाच्या तसा दिसतो.

जेवणं झाल्यावर आईने कढई स्वतः घासली, मला हात लावू दिला नाही. मग आत जाऊन आडवी झाली आणि तिला झोप लागली. इतक्या दिवसांत ती दुपारची झोपली नव्हती. मी आणि तन्वी बाहेरच्या खोलीत मोबाइलचे आवाज बंद करून बसलो. मानसी बँकेतून लवकर आली, आंघोळ करून बाहेर आली आणि आमची तोंडं बघून घाबरली. "काय झालं?" मी ओठांवर बोट ठेवलं. तन्वी तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मानसीने डोळे पुसले, एक डोनट घेतला आणि खिडकीपाशी उभी राहून खाल्ला.

आमच्या घरात दुपारचा चहा अण्णा करायचे. कारखान्यातलं काम सुटल्यापासून ते एक काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. आलं ठेचायचे, सगळ्यांना हातात कप नेऊन द्यायचे, आईला सगळ्यात आधी. ते गेल्यापासून त्या वेळेला घरात कुणी चहाचं नाव काढलं नव्हतं. मी नाही, मानसीने नाही. तेवढा वेळ आम्ही सगळे कशात तरी गुंतलेले असायचो.

उन्हं कलल्यावर आईच्या खोलीतून पलंगाचा आवाज आला. ती केस सारखे करत बाहेर आली. चेहरा सुजलेला होता, पण ती आमच्याकडे बघत होती, रस्त्याकडे नाही. थोडा वेळ ती दारात तशीच उभी राहिली. कुणीतरी काहीतरी आणून देईल म्हणून थांबावं, तशी. मग स्वयंपाकघरात गेली. आम्हाला भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला, लायटरचा आवाज आला.

"आई, मी करते ना," मानसी उठली.

"ऱ्हव दे," आई आतून म्हणाली. "आता चाय माकाच करूची लागतली."